पक्कडकाकांची खुर्ची

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची वीतभर खाली घसरली आणि अडकली. खुर्चीत आई बसली होती. तिला काही लागलं नाही. ती खुर्ची बनवणारा, तिला तेलपाणी करणारा आणि तिच्याविषयी कुणाला फारसं काही न सांगणारा माणूस, म्हणजे आईचा नवरा, त्याच आठवड्यात मंगळवारी वारला होता.

इमारत पूर्वी कापडाचं गोदाम होती. गठ्ठे वर चढवण्यासाठी जिन्याला लागून एक चौकोनी पोकळी ठेवलेली होती. गोदाम गेलं, भाडेकरू आले, आणि पोकळी केरकचरा टाकायच्या कामाची झाली. मग आईच्या पायांतली ताकद जायला लागली. आधी ती कठडा धरून चढायची, मग मध्ये दोनदा बसून, मग चढेचना. तेव्हा नवऱ्याने घरमालकाकडून ती पोकळी मागून घेतली, स्वतः झाडून काढली आणि तिच्यात खुर्ची बसवली. खुर्ची तळमजल्यावरच्या सलूनमधली, जुनी, पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली. तिला वीज लागत नाही. खुर्चीला बांधलेला तारेचा दोर छताजवळच्या कप्पीवरून पलीकडे जातो आणि त्याच्या टोकाला एक लाकडी खोका टांगलेला आहे. खुर्ची वर असते तेव्हा खोका खाली, खोका वर जातो तेव्हा खुर्ची खाली. खोक्यात लोखंड. किती, तर खुर्ची आणि आई यांच्या वजनाइतकं. दोन्ही पारडी सारखी, त्यामुळे शेजारून लोंबणारा सुती दोर आईने बसल्या जागी हलकेच ओढला की ती खाली जायची, दुसऱ्या अंगाने ओढला की वर यायची. खाली सलूनला लागून असलेल्या गाळ्यात तिचं शिवणयंत्र आहे. तेही पायाऐवजी कोपराने चालेल असं करून दिलेलं. कित्येक वर्षं ती रोज सकाळी कुणाचा हात न धरता कामावर जात होती.

शनिवारी खुर्ची घसरली, कारण खोका रिकामा होता. आणि खोका रिकामा केला होता तिच्या मुलाने.

यात मुलाचा दोष काढण्याआधी ते घर पाहायला हवं. त्या घरात असा खोका एकच नव्हता. पलंगाखाली खोके होते, माळ्यावर होते, मोरीच्या वरच्या फळीवर होते. एकात वाकडे खिळे, दुसऱ्यात तेच खिळे सरळ करून. सायकलच्या फाटलेल्या ट्यूबच्या बारीक गोल चकत्या, ज्या आयुष्यभर रबरबँड म्हणून वापरल्या गेल्या. छत्र्यांच्या काड्या, कुकरच्या शिट्ट्या, घड्याळांच्या तबकड्या. दात घासायचा ब्रश या घरात चार जन्म घ्यायचा: दातांसाठी, मग कंगव्यासाठी, मग सायकलच्या साखळीसाठी, आणि शेवटी दांडा तापवून वाकवला की टॉवेलला हूक. साबणाची उरलेली चपटी नव्या वडीच्या पाठीला चिकटायची, त्यामुळे मुलांनी लहानपणी एका रंगाचा साबण पाहिलाच नव्हता. आई म्हणायची, या घरात मरायचीही सोय नाही, हे त्याचंही काहीतरी करतील.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला असतो. मुलगी त्याच्याहून मोठी, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर राहते, शाळेत शिकवते. दोघं मंगळवारी रात्रीपर्यंत पोचले. शुक्रवारी मुलाने घर आवरायला घेतलं. दिवसभर खोके रिकामे केले, आणि शेवटी तळमजल्यावर, पोकळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या दारामागे आणखी एक सापडला. बाबांचाच, आणखी एक. आतलं लोखंड त्याने पोत्यांत भरलं आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. खोका मात्र ठेवला. लाकूड चांगलं होतं, सांधे घट्ट होते. असा खोका टाकून दिलेला बाबांना चालला नसता. दोर त्याला दिसला होता. बाबांनी खोका दोराने बांधून ठेवलाय यात त्याला नवल वाटलं नाही. बाबा सगळंच बांधून ठेवत.

शनिवारी आई पाच दिवसांनी पहिल्यांदा खाली जायला निघाली. कुणाला सांगितलं नाही. खुर्चीत बसली आणि मजल्यावरचा खटका सोडला.

आवाज ऐकून मुलगी धावली तेव्हा खुर्ची उंबरठ्याच्या वीतभर खाली अडकलेली होती आणि आई तिच्यातच बसलेली होती. खाली दोन मजल्यांची पोकळी. मुलाने आणि सलूनवाल्याने तिला काखेत धरून वर घेतलं. मग मुलीने जे बोलायचं होतं ते बोलून घेतलं. आता पुरे, आईने आपल्याकडे यायचं, तळमजल्यावर घर आहे, मागे अंगण आहे, येत्या शुक्रवारी गाडी सांगते. घरमालकही येऊन गेला. त्याचं म्हणणं, माणूस होता तोवर त्याच्या भरवशावर चालू दिलं, आता कुणा जाणत्याने लिहून दिल्याशिवाय खुर्ची चालणार नाही. आणि खुर्ची नाही म्हणजे आईला ते घर नाही, गाळा नाही, यंत्रही नाही, एवढं सगळ्यांना कळत होतं.

"आई, तू खाली पडली असतीस," मुलगी म्हणाली.

"पडले का?"

"नशीब."

 आईने गाळ्याची किल्ली ओच्यात होती ती काढून मुठीत धरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मुलाला आपण काय केलं ते तोवर उमगलं होतं. तो तसाच भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्याचं आवार गावाच्या कडेला आहे. लोखंडाचे ढीग माणसाच्या दुप्पट उंच. मुलाने ओळख सांगताच भंगारवाला उठून उभा राहिला. पक्कडकाकांचा मुलगा का, म्हणाला.

बाहेर त्यांना सगळे पक्कडकाका म्हणत, कारण खिशात पक्कड असल्याशिवाय ते कुठेच जात नसत. मुलीच्या लग्नातही गेले होते तसेच. नोकरी वजनकाट्यांच्या कारखान्यात. दुकानातल्या तराजूपासून ट्रक उभा करायच्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. निवृत्तीनंतर त्यांनी गल्लीतल्या घराघरांतली कामं करायला सुरुवात केली. खरं तर ती आधीपासूनच करत होते, आता दिवसभर करायला लागले. नळ, कुलपं, शिलाईयंत्रं, दवाखान्यातला बाळांचा काटा, शाळेची घंटा. मजुरी घेत नसत. त्यांची अट एकच: बदललेला जुना भाग मला द्या. लोक हसून देत. तुटकी बिजागरी, झिजलेलं चाक, तडा गेलेला ठोकळा कागदात गुंडाळून काका घरी घेऊन जात, आणि पुढे त्याचं काय होतं हे कुणी विचारलं नाही.

भंगारवाल्याने सांगितलं की हा माणूस त्याच्याकडे वर्षानुवर्षं यायचा, पण विकायला कधीच नाही, फक्त न्यायला. पोती ओतली गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की माल ओळखीचा दिसतोय. तोवर ढिगात मिसळून गेला होता. मुलगा ढिगापुढे उभा राहिला. अंधार पडायला अवकाश होता. मग त्याने पाहिलं की शोधायची फारशी गरज नाही. सगळा ढीग गंजून तांबडा झालेला, आणि त्यात मधूनमधून काळे, स्वच्छ, तेलकट तुकडे. बाबांनी खोक्यात टाकलेला प्रत्येक तुकडा आधी घासला होता, तेल लावून पुसला होता. वर्षानुवर्षं एका अंधाऱ्या पोकळीत टांगून राहणार असलेलं लोखंड, जे कुणी बघणार नव्हतं. मुलगा आणि भंगारवाला वाकून वाकून ते तुकडे वेचत राहिले. भंगारवाला म्हणाला, आमच्या धंद्यात लोखंड धुणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात सतरंजी अंथरून लोखंड मांडलं गेलं. मुलाला फक्त ते परत भरायचं होतं. पण भेटायला आलेली माणसं सतरंजीशी थबकू लागली. सलूनवाल्याने एक गोल बैठक उचलली आणि म्हणाला, ही माझ्या दुसऱ्या खुर्चीची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जुन्या काट्याचं पारडं ओळखलं. त्यात गावातली निम्मी पोरं रडली होती. शाळेच्या शिपायाने घंटेची जीभ हातात घेतली, हलवून बघितली आणि आवाज येत नाही म्हणून स्वतःशीच हसला. कुणाचा नळ, कुणाची कडी, कुणाच्या दिवंगत सासऱ्याचं कुलूप. प्रत्येकाचं काहीतरी होतं. आपण कागदात गुंडाळून दिलेली अडगळ आईला रोज खाली नेत आणि वर आणत होती, हे त्यांना तेव्हा कळलं.  लोक आपापला तुकडा हातात धरून नुसतेच उभे राहिले.

शेवटी बेकरीवाला आला. पक्कडकाका गेले ते त्याच्या बेकरीत. भट्टीचं दार नीट लागत नव्हतं, ते बसवून झालं, दोनदा उघडून मिटून पाहिलं, चांगलं झालं म्हणाले आणि पिठाच्या पोत्यावर टेकले. बेकरीवाला चहा घेऊन आला तेव्हा ते टेकलेलेच होते. आता त्याच्या हातात कागदाची पुडी होती. आत भट्टीच्या दाराची जुनी बिजागरी.

"त्यांची राहिली होती," तो म्हणाला. "मागायच्या आधीच..." आणि पुडी सतरंजीवर ठेवून बाजूला झाला.

दुपारी लिफ्टवाल्या बाई आल्या. मुलीनेच बोलावलं होतं. तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याची ही आई, आता याच गावात लिफ्टच्या देखभालीचं काम करते, सुट्टीच्या दिवशी येऊन बघून जाईन म्हणाली. मुलीला तिच्याकडून एकच वाक्य हवं होतं: हे धोक्याचं आहे. ते ऐकलं की आईची समजूत घालणं सोपं झालं असतं. बाई पन्नाशीकडे झुकलेल्या, कपाळाला दिवा बांधलेला, बोलणं कमी. दारातून त्यांनी खुर्चीकडे बघितलं, खुर्ची सलूनची आहे हे बघितलं, आणि चेहऱ्यावरून असं वाटलं की काम पाच मिनिटांत आटोपणार. कमरेला दोर बांधून त्या पोकळीत उतरल्या.

बराच वेळ आल्या नाहीत. वरून मुलाने हाक मारली तर म्हणाल्या, थांबा जरा. मग दिव्याचा उजेड भिंतीवर खाली खाली जाताना दिसला, पुन्हा वर येताना दिसला. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि विचारलं, हे करणारे गृहस्थ लिफ्टच्या धंद्यात होते का? नाही, वजनकाट्यांच्या, असं मुलगा म्हणाला. बाईंनी मान हलवली, जणू एक गाठ सुटली.

मग त्यांनी दोघा भावंडांना वाकून बघायला लावलं. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना गोदामाच्या जुन्या तुळया उभ्या बसवलेल्या होत्या. खुर्ची त्यांच्यामधून सरकायची. खुर्चीखाली दोन स्प्रिंगा होत्या आणि त्यांच्यापुढे दोन पाचरी. पाचरी झिजलेल्या कानशींच्या होत्या, कारखान्यात टाकून दिलेल्या, पण दात अजून शाबूत. तारेचा दोर ताणलेला असतो तोवर तो स्प्रिंगांना मागे धरून ठेवतो. दोर सैल पडला, तुटला, किंवा पलीकडचं वजन गेलं, की स्प्रिंगा सुटतात आणि कानशी लाकडात रुततात. शनिवारी तेच झालं होतं. रिकामा खोका दोराला ताण देऊ शकला नाही, कानशींनी तुळया पकडल्या, आणि आई वीतभरच खाली गेली.

"नशीब नव्हतं ते," बाई मुलीला म्हणाल्या. आवाजात खोच नव्हती.

पण त्यांना दाखवायचं होतं ते पुढेच होतं. त्यांनी दिवा तुळईवर धरला. लाकडावर दातांच्या खुणा होत्या. शनिवारची ताजी एक, पांढरट. आणि तिच्याखाली जुन्या, काळवंडलेल्या, थोड्या थोड्या अंतराने, थेट तळापर्यंत. काही एकावर एक. प्रत्येक खुणेच्या ठिकाणी कधीतरी दोर सैल सोडला गेला होता आणि खुर्ची पकडली गेली होती. कुणीतरी ही पकड पुन्हा पुन्हा करून पाहिली होती. बाईंनी विचारलं, खुर्चीत काय ठेवून बघितलं असेल? वाळूची पोती?

सलूनवाला जिन्यात उभा होता. त्याने घसा साफ केला. म्हणाला, पोती नव्हे, स्वतः बसायचे. तो गुपित सांगितल्यासारखा बोलला, आणि ते गुपितच होतं. खुर्ची पहिल्यांदा बसवली तेव्हा पक्कडकाकांनी आईला काही दिवस मुलीकडे पाठवून दिलं होतं. दुपारी सलून रिकामं असलं की सलूनवाल्याला बोलवायचे, स्वतः खुर्चीत बसायचे आणि सांगायचे, सोड. तो म्हणायचा, काका, मला तुमची हजामत करायचीय अजून, सोडत नाही. ते म्हणायचे, तू नाही सोडलास तर कधीतरी आपोआप सुटेल, तेव्हा आत मी नसेन. मग तो सोडायचा. पहिल्या वेळी त्याने डोळे मिटले होते. त्यानंतर दरवर्षी, आई मुलीकडे जायची त्या आठवड्यात, त्यांचं हे चालायचं. शेवटचं गेल्या वर्षी. वय झालं होतं, तरी बसले.

मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली. दरवर्षी आईला पाठवताना बाबा फोनवर म्हणायचे, जरा हवापालट होऊ दे तिला.

त्यानंतर मुलाने आणि सलूनवाल्याने खोका भरला. बाईंनी प्रत्येक तुकडा हाताने तोलून आत जाऊ दिला. भंगारवाल्याने पोत्यांचं वजन सांगितलं होतं, खुर्चीचं त्यांनी अंदाजाने धरलं, आणि वर जाऊन आईला विचारलं, तुमचं वजन किती? आईने सांगितलं. बाईंनी मनात वजाबाकी केली आणि पुन्हा विचारलं. आईने तोच आकडा सांगितला, यावेळी जरा जोरात.

"मावशी," बाई म्हणाल्या, "खोका तुमच्यापेक्षा खरं सांगतोय."

 मुलगी आईकडे बघत राहिली. दर रविवारच्या फोनवर ती विचारायची, जेवतेस ना, आणि आई म्हणायची, जेवते गं, खा खा खाते, कपडे घट्ट व्हायला लागलेत. कपडे तिचे तीच शिवायची आणि तीच आत घ्यायची, कुणाला कळणार.

बाईंना पोकळीत, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, हात पोचेल अशा जागी एक कट्टा दिसला होता. त्याच्यावर ओळीने लोखंडाचे तुकडे ठेवलेले. आधी त्यांना वाटलं, जास्तीचा माल. आता त्यांनी मुलाला ते काढायला लावले. घासलेले, पुसलेले, खोक्यातल्यांसारखेच; पण प्रत्येकावर धूळ वेगळी. पहिल्यावर जाड थर, पुढच्यावर कमी, त्याच्या पुढच्यावर आणखी कमी. हे खोक्यात होते आणि एकेक करून बाहेर काढले गेले होते, इतकंच बाई म्हणाल्या. बाकीचं समजायला कुणाला वेळ लागला नाही. आईचं वजन उतरत गेलं तसं खोक्यातलं लोखंड उतरत गेलं होतं. नाहीतर खुर्ची जड खोक्याने वर ओढली गेली असती, आणि आईला खाली जाताना दोराशी झगडावं लागलं असतं. तिला कधीच झगडावं लागलं नव्हतं.

आणि कुणी तिला वजनकाट्यावर उभं केलं नव्हतं. काट्याची गरजच नसावी. संध्याकाळी ती वर येताना शेवटचा हात त्यांचा असायचा. दुसऱ्या मजल्याशी ते दोर धरायचे आणि खटक्यात बसेपर्यंत ओढायचे. आयुष्य काट्यांत गेलेल्या हाताला तेवढं पुरलं असणार.

आईने विचारलं, किती तुकडे आहेत? मुलाने मोजून सांगितलं असतं, पण तिने लगेच हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाली, "यांना सगळं ठाऊक होतं म्हणायचं. आणि मी ताटातलं मांजराला घालत होते, यांची पाठ वळली की."

तेव्हा सलूनवाला म्हणाला, एक सांगू का. गेल्या महिन्यात काका खाली आले, पोकळीचं छोटं दार उघडलं आणि आत काहीतरी ठेवून गुणगुणत बाहेर आले. गाणं म्हणणारा माणूस नव्हे तो. मी म्हटलं, काय काका, लॉटरी लागली का? तर म्हणाले, एक इस्त्री परत आत गेली. मला वाटलं, म्हातारा काहीतरी गंमत करतोय.

बाईंनी कट्ट्यावर पुन्हा दिवा मारला. ओळीच्या शेवटी धुळीत एक मोकळी जागा होती, इस्त्रीच्या आकाराची, टोकदार.

गेल्या महिन्यात त्या घरात काहीच विशेष घडलं नव्हतं. डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती आणि आईला पुन्हा भूक लागायला लागली होती. ती हे कुणाला बोलली नव्हती. आठवडाभरात पुन्हा जाईल, मग कशाला सांगा, असं तिचं म्हणणं. तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि इस्त्री खोक्यात गेली.

लिफ्टवाल्या बाईंनी जाण्यापूर्वी मुलीला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, "मी हे पास करू शकत नाही. यात कागदावर बसेल असं काहीच नाहीये. आणि बंद करा असंही माझ्या हातून लिहिलं जाणार नाही." मग त्यांनी दिवा पिशवीत ठेवला आणि आणखी एक गोष्ट सांगितली. वर, कप्पीपाशी, तारेच्या दोराच्या दोन-तीन तारा उकलल्या आहेत. आज काही होणार नाही, पण दोर बदलायला आला आहे. नवा दोर कप्पीशेजारीच गुंडाळून ठेवलेला आहे, तेल लावून. या उन्हाळ्यात बदलायचा असणार. तो त्या स्वतः बदलतील, पण सरकारी कार्यालयाचा माणूस येऊन बघून हो म्हणाल्यावर. अर्ज त्या उद्याच देतील.

सोमवारी अर्ज गेला. कार्यालयाने नकाशा मागितला आणि बनवणाऱ्याचं नाव. नाव दिलं. नकाशा नव्हताच, म्हणून बाई कामावरून सुटल्यावर येऊन मोजमापं घेऊ लागल्या. त्यांच्याबरोबर मुलगा टेपचं दुसरं टोक धरायचा. मुलगी आईच्या कपड्यांची बॅग भरत होती. भरलेले कपडे किती आत घेतलेले आहेत ते ती उलटे करून बघायची आणि पुन्हा घडी घालायची.

आई त्या दिवसांत कुणाशी भांडली नाही. बोलावलं की ताटावर बसायची, उठायची. मांजर जाडं होत होतं.

गुरुवारी सकाळी सगळे चहा घेत असताना पोकळीतून कप्पीचा आवाज आला. मुलगी उठून जिन्याने धावत पहिल्या मजल्यावर गेली. खुर्ची वरून येत होती, आई तिच्यात ताठ बसलेली, गाळ्याची किल्ली दोरीने गळ्यात. ती दोन्ही हातांनी सुती दोर ओढत होती आणि तिला ते जड जात होतं. मुलीने हात लांब करून दोर धरला. खुर्ची थांबली. थांबली, पण स्थिर झाली नाही. दोर मुलीच्या मुठीतून वरच्या अंगाला ओढ घेत होता, बारीकशी, सतत, लहान मुलाने बोट धरून ओढावं तशी. मुलीने हा दोर कधी धरला नव्हता. तरी तिला कळलं.

"आई," ती म्हणाली, "तू जेवत नाहीयेस."

"दोर सोड."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून," आई म्हणाली. कोणत्या मंगळवारपासून, ते विचारायची गरज पडली नाही. "सोड आता. गिऱ्हाईक येईल."

मुलीने दोर सोडला नाही. तिने दुसरा हातही दोरावर घेतला आणि आईबरोबर ओढायला लागली. खुर्ची खाली गेली.

शुक्रवारची गाडी मुलीने रद्द केली नाही. पुढच्या शुक्रवारवर ढकलली. शाळेत तिने रजा वाढवून मागितली आहे, त्याचं उत्तर आलेलं नाही. आई रोज खाली जाते, पण एकटी नाही; घरमालकाने अजून अडवलेलं नाही. काल दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली, मुलगी समोर बसली होती म्हणून की भूक होती म्हणून, ते सांगता येत नाही. तारेचा दोर अजून जुनाच आहे. कार्यालयाचा माणूस बुधवारी येणार होता, तो आलेला नाही.